जावईबापूंचा कासरा

आधीच सांगून ठेवतो, अख्ख्या सावनेर तालुक्यात माझ्यासारखा धुरकरी दुसरा झाला नाही! हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. शंकरपट तुम्ही पाहिला असेलच. संक्रांत झाली, शेतं मोकळी झाली की आमच्याकडे गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती लागतात. हलकासा छकडा, त्याला जोडी, आणि छकड्यावर कासरा धरून बसलेला तो धुरकरी. झेंडी पडली की सुटायचं आणि पुढच्या टोकाला बांधलेला दोरा आधी तोडायचा. एवढंच! पण ते एवढंच करायला छाती लागते महाराज!

एरवी मी नागपुरात सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. साहेब ओरडले की 'हो साहेब', नाही ओरडले तरी 'हो साहेब'. पण माझे सासरे रुपराव सावनेरजवळच्या खेड्यातले, पटाचे अट्टल शौकीन. त्यांच्या दोन बैलांची नावं मेल आणि एक्स्प्रेस! त्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी जोडीचा कासरा माझ्या हातात दिला. वर्षातून एक दिवस हा कृष्णकांत कारकून नसायचा. लोक 'जवाईबापू, जवाईबापू' करत वाट द्यायचे आणि माझी बायको वच्छला बायकांच्या घोळक्यात अशी मान ताठ करून उभी राहायची की काय सांगू! खरं सांगतो, वर्षाचे बाकीचे दिवस मी त्या एका दिवसाच्या जोरावर ढकलायचो.

आणि त्र्याहत्तर साली मी उलथलो!

कासरा ओढायचा उजवीकडे, तो ओढला गेला डावीकडे. छकडा बांधावर चढला आणि मी उडालो. नुसता मातीत पडलो असतो तर लोक विसरले असते. पण मी पडलो थेट पोलीसपाटलांच्या मांडीवर! खुर्चीसकट आम्ही दोघे मागे कोलमडलो. त्यात लाउडस्पीकरवर गोविंदा नावाचा एक वाचाळ प्राणी. तो काही केल्या गप्प बसेना.

"जवाईबापू हवेत! जवाईबापू अजून हवेतच! आन् हे पाहा, जवाईबापू पाटलाच्या मांडीवर उतरले!"

बायका पदर तोंडात धरून हसल्या. त्या दिवसापासून तालुक्यात माझं नाव पडलं 'हवाई जवाई'. मी आपला सगळ्यांना सांगत सुटलो, "बैल बिथरले हो! जोडीच खोडकर आहे!" बैल काही उलटून बोलत नाहीत, हा त्यांचा फार मोठा गुण आहे.

हाड एकही मोडलं नव्हतं. मोडला तो धीर! सायकलरिक्षात बसलो की मी रिक्षावाल्याचा सदरा मागून घट्ट धरायचो. एकदा त्यानं रिक्षा थांबवून विचारलं, "साब, तुमीच चालवता का? मी मागं बसतो." दुरून बैलगाडी दिसली की रस्ता बदलायचो. पोळ्याला घरी मातीचे बैल आणले, तर त्यांची पूजासुद्धा मी दाराआडून केली!

दिवाळीत सासरे आमच्या प्रतापनगरच्या घरी आले. बशीत चहा ओतला, एक भुरका मारला आणि म्हणाले, "जवाईबापू, औंदा छकड्यावर बसता का नाई?"

"बघू ना मामाजी..."

"बघूबिघू नाई. मधुकरराव बसतो म्हणून राहिले."

मधुकरराव म्हणजे माझा साढू, वच्छलाच्या ताईचा नवरा. इतवारीत भांड्यांचं दुकान, बुडाखाली स्कूटर, डोळ्यावर गॉगल. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि आरसा जास्त पाहायचा.

"त्याला कासरा धरता तरी येतो का?" मी म्हणालो.

"पाटलाच्या मांडीवर तं नाई बसणार ना थो!" सासरे म्हणाले. "हे पाहा बापू, पैला मान तुमचा. पण तुमी बसले नाई, नाईतं बसून पडले, तं कासरा मधुकररावाचा. कायमचा. मंग मले म्हणाचं नाई."

वच्छला दारात उभी होती. सासरे गेल्यावर कपबशा उचलता उचलता म्हणाली, "ताई मले काय म्हणे मालूम हाय? 'तुह्या नवऱ्याले इस्टुलावर तरी नीट बसता येते का वं?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? हसली मी. घरी येऊन रडली."

झालं! ठरवलं, बसायचं! काय वाटेल ते होवो, कासरा त्या गॉगलवाल्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. पण एकदम मेल-एक्स्प्रेससमोर उभं राहायची हिंमत नव्हती. सुरुवात एखाद्या पॅसेंजरपासून करावी म्हटलं.

आमच्या वस्तीत धोंडबा घासलेटचा गाडा घेऊन यायचा. गाड्यावर मोठी लोखंडी टाकी, मागे तोटी, पुढे दोन पोक्त बैल. त्या हिवाळ्यात घासलेट नागपुरातून असं गडप झालं होतं की बायका लग्नातसुद्धा एकमेकींना 'काय गं, कशी आहेस' विचारायच्या आधी 'मिळालं का' विचारायच्या. धोंडबाची टाकी कोरडी पडली होती आणि बैल गोठ्यात बसून होते.

"धोंडबा, रविवारी सकाळी तुझे बैल जरा फिरवून आणू का?"

"काहून जी?"

"सराव करायचाय. पटाचा!"

धोंडबानं आधी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, हे बैल जलमात कधी पयले नाई. याईचा बापबी नाई पयला."

"मला तसेच पाहिजेत!"

"न्या मंग. बसून खाऊन राहिले तसेबी. पण टाकी नाई निंगत बरं का, जागच्या जागी गंजली हाय ते."

वच्छलाला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "घासलेटच्या गाड्यावर? अवो, लोक पायतीन ना!"

"रविवारी सकाळी कोण बघतंय?" मी म्हणालो. हे वाक्य मी त्यानंतर आयुष्यात कधी उच्चारलं नाही.

रविवारी कानाला मफलर गुंडाळला आणि गाड्यावर चढलो. बैल निघाले. काय चाल होती हो! इतकी हळू की एक कुत्रं आमच्या सावलीत चालता चालता कंटाळून निघून गेलं. माझी भीड चेपत चालली. मी अंमळ ताठ बसलो. तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या यमुताईंचं फाटक आलं आणि बैल थांबले! मी "हैऽऽ" केलं, "चल राजा" केलं, शेपटीला हात लावला. ढिम्म! त्या बैलांना वर्षानुवर्षांची सवय, प्रत्येक फाटकाशी थांबायचं, घरची बाई येईपर्यंत हलायचं नाही. आणि घरची बाई आली ना!

"अगंबाई, आलं का?" यमुताई कपाळाचं कुंकू अर्धवट टाकून धावत आल्या. "थांबा हं, डबा आणते!"

"यमुताई, मी आहे! कृष्णकांत!"

त्यांनी मफलरात डोकावून पाहिलं. "तुम्ही? अहो, मग नोकरी सोडलीत?"

"नाही हो! सराव करतोय."

"कसलाही करा, आधी माझा डबा भरा!"

"अहो, टाकी रिकामी आहे. हे बघा!" आणि टाकी रिकामी आहे हे पटवायला मी तिच्यावर जोरात थाप मारली. ठण्णऽऽ!

तिथंच घात झाला! धोंडबा घासलेट घेऊन आला की ओरडत नसे. टाकीवर थाप मारत असे. मी रिकामेपणाचा पुरावा दिला आणि अख्ख्या गल्लीनं आमंत्रण ऐकलं. धडाधड दारं उघडली. इंदूबाई दोन डबे घेऊन आल्या, अंजनाबाई बादली घेऊन आल्या, कोणी तर गडबडीत दुधाचं पातेलं घेऊन आलं!

"एका घराले एकच डबा!" इंदूबाई स्वतःचे दोन डबे पुढे करून ओरडल्या.

"बाई, यात तेल नाही! ऐका!" मी पुन्हा टाकी वाजवली. ठण्ण ठण्ण!

मागची गल्ली धावत आली.

"नाही हो! रिकामी आहे!" ठण्ण ठण्ण ठण्ण!

रस्त्यापलीकडची नवी वस्ती धावत आली. जितकं खरं बोलू तितक्या बायका वाढायला लागल्या. पेन्शनर मनोहरराव पायजम्यावर कोट घालून आले आणि "रांग करा! शिस्त पाळा!" असं ओरडत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"रिकामी हाय तं फिरवून काहून राहिले?" अंजनाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"सांगितलं ना, सराव करतोय!"

"पायलं का वं, सराव म्हणते! काळ्या बाजाराचा सराव! कचेरीतले साहेब हाय, यायले भेटते तेल!"

"म्हणूनच तोंड बांधून आले मेले!" यमुताई म्हणाल्या. आत्तापर्यंत 'कृष्णकांत भाऊजी' म्हणणाऱ्या यमुताई! घासलेटपुढे शेजार टिकत नाही हो.

एवढ्यात सायकलवरून एक हवालदार आला. मला हायसं वाटलं. पण पाहतो तर त्याच्या हँडललाही डबा!

"हवालदारसाहेब, यात थेंब नाही. तुम्हीच सांगा यांना!"

"आधी माहा डबा भरा. पंचनामा मंग करू," तो म्हणाला. त्यानं डबा तोटीखाली धरला आणि तोटी फिरवली.

एक थेंब पडला. एकच! शपथेवर सांगतो, तो गंजाच्या पाण्याचा होता. पण सगळ्या बायका एकदम "आलं! आलं!" म्हणून किंचाळल्या, सगळे डबे एकमेकांवर आदळले, मनोहरराव रांगेसकट आडवे झाले, आणि ज्यांचा बापसुद्धा कधी पळला नव्हता ते बैल चौखूर उधळले!

"पळवलं! पळवलं! घासलेट पळवून नेलं!"

पुढे मी, मागे बायका, डबे, पातेलं, हवालदार! मोकळ्या प्लॉटांतून, दोरीवरच्या वाळत्या धोतरांतून, कोणाच्या तरी वाळवणाच्या पापडांवरून गाडा धाडधाड निघाला. आमच्या दारावरून गेलो तेव्हा वच्छला स्वतः हातात डबा घेऊन उभी होती. गाड्यावर मी आहे हे पाहिलं आणि तिनं दार लावून घेतलं.

बैल थांबले ते थेट धोंडबाच्या गोठ्यात. मी डोळे उघडले, हातपाय चाचपले आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. गाडा उधळला आणि मी पडलो नाही! मी पडलो नाही!! माझ्या कोटाची बाही टाकीच्या कडीत पार खांद्यापर्यंत अडकली होती, ही किरकोळ गोष्ट झाली. धोंडबानं कात्रीनं बाही कापून मला मोकळं केलं.

पुढे कितीतरी दिवस वस्तीत माझ्याशी कोणी बोललं नाही. वाण्यानं उधारी बंद केली. यमुताईंनी हळदीकुंकवाला वच्छलाला वगळलं. पण मला कशाचीच फिकीर नव्हती. मी रिक्षात बसू लागलो, तेही सदरा न धरता! कचेरीत साहेब ओरडले तेव्हा 'हो साहेब' म्हणायच्या आधी मी चांगला दम घेतला. वच्छला म्हणाली, "लई आलं का तुमच्या अंगात?" मी म्हटलं, "आता पटावरच बघ!"

पटाचा दिवस उजाडला. सासूबाई रुखमाबाईंनी आधी मेलला कुंकू लावलं, मग एक्स्प्रेसला लावलं, आणि त्याच ताटातलं, त्याच बोटानं मला लावलं. मधुकरराव पांढरी पँट, पांढरे बूट आणि गॉगल घालून बाभळीखाली तयारच उभा होता. कासरा केव्हा गळून हातात पडतो याची वाट पाहत होता लेकाचा!

"साढूभाऊ, पोलीसपाटील औंदा मांगच्या रांगेत बसले बरं!" तो म्हणाला.

"बसू द्या. आज आम्ही कोणाकडे जाणार नाही," मी ऐटीत म्हणालो आणि छकड्यावर चढलो. हातात कासरा! समोर सरळ पट्टी! दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं! बायकांच्या घोळक्यात वच्छला. तिचे दोन्ही हात पदराखाली जोडलेले होते, हे मला इतक्या दुरून कळलं. छाती भरून आली हो माझी. म्हटलं, आज पडलो तर छकड्याखालीच राहू, वर उठायचंच नाही.

झेंडी पडली!

यानंतरचं जे मला आठवतं ते असं. वारा सुटला, जोडी बाणासारखी निघाली, मी "हैऽऽ शाब्बास! हैऽऽ शाब्बास!" अशा आरोळ्या ठोकत, कासरा खेळवत, शेजारची जोडी मागे टाकत गेलो आणि दोरा तोडला.

लोकांना जे आठवतं ते जरा वेगळं आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्याच हिसक्याला कासरा माझ्या हातून सुटला. मी छकड्यावर पालथा पडलो, दोन्ही हातांनी लाकडाला मिठी मारली, डोळे गच्च मिटले आणि दोरा तुटेपर्यंत एकसारखा "आई गंऽऽ! आई गंऽऽ!" म्हणून बोंबलत होतो. गोविंदा तेवढा लाउडस्पीकरवर बरोबर सांगत होता, "जवाईबापू झोपले! जवाईबापू झोपूनच जिंकले!"

जिंकलो ना पण! पहिला नंबर! गळ्यात हार पडला. सासरे धावत आले, मेलला कवटाळलं, एक्स्प्रेसला कवटाळलं, मग मलाही कवटाळलं. वच्छला गर्दीतून वाट काढत आली. तिचे डोळे भरले होते. "पडले नाई तुमी! पायलं का, पडले नाई!" एवढंच ती म्हणत होती. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. मधुकररावानं गॉगल काढून खिशात घातला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका साढूभाऊ. कासरा ही उपजत गोष्ट आहे."

तेवढ्यात लाल फेट्याचा एक माणूस पुढे आला. पांढुर्ण्याकडचा बैलांचा व्यापारी, रामाजी नावाचा. त्यानं जोडीभोवती एक चक्कर मारली, मग माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग सासऱ्यांना बाभळीखाली घेऊन गेला. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले, वरून उपरणं टाकलं आणि उपरण्याखाली बोटं चालू लागली. बैलबाजारात सौदा असाच होतो, तोंडानं कोणी बोलत नाही. सासऱ्यांचा चेहरा फुलत फुलत गेला.

"जवाईबापू," परत येऊन ते म्हणाले, "जोडी इकली!"

"काय?"

"अवो, तुमचेच उपकार! गेल्या साली तुमीनच गावभर केलं ना, बैल बिथरते म्हणून? तवापासून कोनी कुत्रं इचारत नव्हतं जोडीले. आज रामाजीनं डोयानं पायलं. म्हणे, कासरा सुटला, धुरकरी पालथा पडून बोंबलून राहिला, तरी जोडीनं रेघ नाई सोडली! असे शहाणे बैल देखले नाई म्हणे. जे मांगतलं थे देल्लं बापा! आता हिरीवर इंजिन बसवतो."

"आणि मामाजी... कासरा?"

"कायचा कासरा? बैलच गेले ना!"

मी मटकन खाली बसलो. दिवाळीपासून ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, तो कासरा ना माझा राहिला, ना मधुकररावाचा. त्यानं गॉगल पुन्हा डोळ्यावर चढवला. एवढं जिंकून मी पुन्हा नुसता कारकून! वच्छला माझ्याशेजारी येऊन बसली.

रामाजी मात्र सरळ माझ्यापाशी आला. "साहेब, नागपुरात कुठी राहता तुमी? पत्ता सांगा."

माझी मान वर झाली. माणसाला पारख आहे म्हटलं! "का? धुरकरी म्हणून यावं लागेल का तुमच्याकडे?"

"हाव ना! मी जोड्या घेतो आन् इकतो. दर गिऱ्हाईक इचारते, बैल सरळ पयते का? आता किती घसा कोरडा कराचा? तुमाले बसवलं का एका फेरीत समजते! जी जोडी तुमाले घेऊन सरळ गेली ते कोनालेबी घेऊन जाईन."

मी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"फकस्त एक करा साहेब," तो कळकळीनं हात जोडून म्हणाला, "आता काई शिकू नका. आज बसले ना, तसेच बसा."

वच्छला ताडकन उठली. "अपमान हाय हा! चला घरी. असल्या मान्साच्या दारात पाय नाई ठेवाचा!"

"मुळीच नाही!" मी गरजलो. "मी काय बैलांचा नमुना दाखवणारा आहे? समजतो कोण हा स्वतःला!"

पुढच्याच रविवारी पांढुर्ण्याची पहिली यष्टी पकडली. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. वच्छलाला सांगतो, कचेरीत जादा काम आहे. काय करू हो, कासरा हातात मिळतो! झेंडी पडेपर्यंतच मिळतो, पण मिळतो.